त्यांच्या पायात माझी चाल

नवऱ्याचा रोबो चोरून अंगात घालून मी घरभर हिंडले, हा माझ्या हातून घडलेला सगळ्यात मोठा मूर्खपणा. लहान होते तेव्हा. एकाहत्तर वर्षांची. आता चौऱ्याहत्तरीत थोडी अक्कल आल्यासारखी वाटते, म्हणून त्या बाईची कीव करायला हवी खरं तर. पण आठवलं की मला हसूच फुटतं. मिक्सरला झाकण न लावता बटण दाबणारी आणि मग भिंतीवरची चटणी पुसत बसणारी बाई ती. तिच्या हाताला काय लागावं, तर रोबो!

रोबो येणार म्हटल्यावर तिने हॉलमधला दिवाण भिंतीला सरकवून घेतला होता. लोखंडी पाय असतील, दिवे लुकलुकतील, दारातून आत येईल की नाही, एवढ्या शंका. आणि फिजिओवाली मुलगी आली ती खांद्याला साडीच्या दुकानात मिळते तसली पिशवी अडकवून. पिशवीतून तिने काढला एक काळा कापडी कमरपट्टा, मांडीला गुंडाळायची एक पट्टी, आणि पोटरीवर चढवायचा एक जाडसर मोजा. पट्ट्याला मागे साबणाच्या डबीएवढी एक डबी, आणि तिच्यातून सायकलच्या ब्रेकला असतात तशा दोन तारा खाली बुटापर्यंत गेलेल्या. बस. संपला रोबो.

मी आ वासून बघत राहिले. म्हटलं, "हा रोबो? अगं, ही तर बाळंतिणीची पोटपट्टी!"

हे खुर्चीतून म्हणाले, "चला. तेवढं एक राहिलं होतं माझं."

हे म्हणजे आमचे वकीलसाहेब. सहा फूट उंची, लांब ढांगा, आणि आमच्या हैदराबादेत बरकतपुऱ्यापासून काचीगुड्यापर्यंत ज्याच्या-त्याच्याशी उर्दूत गप्पा. आदल्या पावसाळ्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला. तोंड, हात सगळं हळूहळू जागेवर आलं, जीभ तर सगळ्यात आधी आली. डावा पाय मात्र राहिला. चवडा उचलायचा नाही, लोंबायचा, आणि सपाट फरशीवरसुद्धा अडखळायला व्हायचं.

आमचं घर दुसऱ्या मजल्यावर. बिल्डिंग जुनी, लिफ्ट नाही. दवाखान्यातून आणलं त्या दिवशी गल्लीतल्या चौघांनी त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून उचलून वर आणलं. जिन्याच्या वळणावर खुर्ची कलंडली, तसा त्यातला एक ओरडला, "वकीलसाब, हिलू नक्को! गिर जाते!" उभ्या आयुष्यात या माणसाला कुणी 'हिलू नक्को' म्हटलं नव्हतं. त्यांनी डोळे मिटून घेतले. वर आल्यावर सगळ्यांना चहा झाला, माणसं गेली, आणि मग ते म्हणाले, "आता खाली जाईन तर माझ्या पायांनी."

मला वाटलं, रागात आहेत, बोलतायत. पण ते खरंच खाली गेले नाहीत. न्हावी वर यायला लागला. वर्तमानपत्रवाला वर यायला लागला. गॅलरीत खुर्ची टाकून हा माणूस दिवसभर गल्ली बघत बसायचा आणि खालून कुणी हात केला की मान फिरवायचा. ते मला बघवायचं नाही.

मुलगा गच्चीबावलीला राहतो. एकोणिसावा मजला, तीन-तीन लिफ्ट, व्हीलचेअरला उतार, सगळं आहे. त्याने सरळ सांगितलं, "आई, पुन्हा काही झालं तर बाबांना त्या जिन्यावरून कोण उतरवणार? परत चार माणसं शोधायची? संक्रांतीपर्यंत बाबा आपल्या पायांनी खाली जाऊन वर आले, तर राहा इथे. नाहीतर मी ट्रक आणतो. आता ऐकणार नाही मी."

त्याचं काही चूक नव्हतं, हीच तर पंचाईत. त्याला वाईट म्हणता आलं असतं तर मी चार घरं सांगत फिरले असते. पण एकोणिसाव्या मजल्यावरून मी कोथिंबिरीचा भाव कुणाला विचारणार होते? इथे गॅलरीतून दोरी सोडली की पिशवीत भाजी येते. समोरच्या गॅलरीतली बाई आणि मी एकमेकींचं तोंड बघून आज कुणाच्या घरी काय बिनसलंय ते सांगू शकतो. तिथे तर म्हणे ढग दिसतात. ढगांशी मी काय बोलू?

म्हणून तो पट्टा. कोठी भागातल्या एका क्लिनिकमधून आम्हाला मिळाला होता, तोही वापरून बघण्यापुरता. बाजारात यायचा होता अजून. त्याला इंग्रजीत भलंमोठं नाव होतं. आम्ही पट्टाच म्हणायचो. फिजिओवाली मुलगी वरंगलकडची तेलुगू, बोलायची हैदराबादी हिंदी, आणि आमच्या घरी येऊन-येऊन त्यात मराठी कालवायला लागली होती. यांना ती 'सार' म्हणायची, म्हणजे सर. तिने समजावून सांगितलं, "अम्मा, ये सार को उठाता नहीं. वजन सार का सारच उचलेंगे. ये बस मदत करता." म्हणजे पाय पुढे टाकायची वेळ आली की तार ओढली जाऊन चवडा वर उचलायचा, आणि पाऊल मागे राहिलं की टाचेला एक ढकल मिळायची. वेळ साधायची, एवढंच त्याचं काम. पण ती वेळ साधली की काय फरक पडायचा! पहिल्या दिवशी यांनी हॉल पार केला आणि भिंतीला हात लावून उभे राहिले. मला म्हणाले, "कुणीतरी पायाला बोट धरून नेतंय असं वाटतंय."

मुलीने आणखी एक सांगितलं होतं. अगदी माझ्याकडे बोट रोखून. "पट्टा सार की चाल सीखता. रोज थोडी-थोडी. ये हरा बटण थोडा दबाये तो चालू. दाबून धरायचा नाही अम्मा! धरलं तो पुराना भूल जाता, नया सीखने लगता. एक आदमी, एक पट्टा."

मी मान डोलावली. मी नेहमीच मान डोलावते.

आठवड्यामागून आठवडे गेले आणि पट्ट्याला यांची चाल कळायला लागली. ते हॉलमधून स्वयंपाकघरात यायचे, डब्यातला लाडू घ्यायचे, मी ओरडायची. सुखाचे दिवस होते. संक्रांतीच्या आधीचा रविवार ठरला. मुलगा येणार, फिजिओवाली येणार, आणि हे जिना उतरणार.

शनिवारी दुपारी हे झोपले होते. पट्टा दिवाणावर घडी करून ठेवलेला. मी त्याच्या शेजारी शेंगा सोलत बसले होते, आणि माझ्या मनात आलं ते आलं. काय वाटत असेल? 'पायाला बोट धरून' म्हणजे नक्की कसं? माझेही गुडघे काही धड नव्हते. आणि खरं सांगायचं तर मला थोडा हेवाही वाटत होता. आल्या-गेल्याला पट्टा दाखवून त्यांचं कौतुक चाललेलं, आणि त्या कौतुकाला चहा मी करायची.

साडीवर तो बसेना. मग त्या एकाहत्तर वर्षांच्या टवाळ पोरीने काय करावं? नवऱ्याचा पायजमा चढवला. तो एवढा लांब की खालून चार दुमडी घातल्या. कमरेला पट्टा, मांडीला पट्टी, पोटरीला मोजा, आणि तार अडकवायला त्यांचा तो नावेसारखा डावा बूट, आत दोन हातरुमाल कोंबून. उजव्या पायात माझी स्वयंपाकघरातली स्लीपर. बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. काही नाही. मग मी ते दाबून धरलं, टीव्हीच्या रिमोटचं धरते तसं. डबीने तीन वेळा टिंग-टिंग-टिंग केलं. मला वाटलं, नमस्कार केला.

आणि पाऊल टाकलं, तर माझा पाय माझ्या आधी निघाला!

तुम्हाला सांगते, अंगावर काटा आला. आतून काहीतरी 'झुंई' करायचं आणि बुटातली टाच अलगद वर. दुसरं पाऊल. तिसरं. घाबरत-घाबरत मी गॅलरीपर्यंत गेले, तिथून परत. मग भीती गेली आणि मजा यायला लागली. पट्टा सुरुवातीला चाचपडत होता, मग त्याला जमायला लागलं. मी हॉलमधून स्वयंपाकघरात, स्वयंपाकघरातून देवापुढे, परत हॉलमध्ये. पायजमा सावरत, एका पायात बूट, एका पायात स्लीपर. आमटीला फोडणीसुद्धा दिली मी पट्टा घालून. आतून यांच्या खोकल्याचा आवाज आला तेव्हा जे काय काढलं-गुंडाळलं, ते मेहनतीने पुन्हा आधीसारखं घडी करून ठेवलं. कुणाच्या बापाला कळलं नसतं.

रविवारी सकाळी सगळे हजर. मुलाने जिन्याचा कठडा हलवून बघितला. फिजिओवालीने यांना पट्टा बांधला, दिवा हिरवा लागला. यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. खाली जायचं म्हणजे लोकांत जायचं.

"सार, पहले हॉल में एक चक्कर. फिर सीढ़ी," ती म्हणाली.

"कोर्टात असा वेळ काढला असता तर जज्जांनी हाकलून दिलं असतं," हे म्हणाले आणि उठले.

यांनी पहिलं पाऊल टाकलं आणि मी हातातली कपबशी तशीच धरून राहिले. त्यांचा पाय लांब जायच्या आत टाच उचलली गेली. पाऊल अर्ध्यातच खाली. लगेच दुसरी ओढ. तेही अर्धं. तुरुतुरु, तुरुतुरु. सहा फुटांचा माणूस पळाल्यासारखा दाराकडे निघाला. दोन्ही हात हवेत, चेहरा भेदरलेला.

"सार! मेल्लगा, मेल्लगा!" मुलगी तेलुगूत किंचाळली. हळू, हळू. मुलाने झेप घेऊन त्यांना छातीशी धरलं. तिने डबी बंद केली. दार उघडं होतं. त्याच्यापुढे जिना.

मग मुलगा म्हणाला, "बाबा, हे काय होतं? तुम्ही... तुम्ही आईसारखे का चालत होतात?"

मुलीने टॅब्लेट काढला. तिच्या कपाळावर आठ्या चढत गेल्या. "ये तो सार की चाल नहीं. पुरानी पूरी गई. कल दुपारी किसी ने नयी सिखाये. छोटे-छोटे कदम, जल्दी-जल्दी. बीच में बहुत देर एक जगा खडे." तिने वर बघितलं. "कल कोण घातलं?"

त्या कापडाच्या चिंधीने माझी चहाडी केली होती. मला वाटत होतं, ती पट्टी आहे. तिने माझं चालणं उतरवून घेतलं होतं, माझ्या नकळत!

"एका जागी उभं म्हणजे आमटीपाशी," हे दम खात म्हणाले. "काल फोडणी करपली होती."

मी खाली बघितलं. त्या क्षणी मला त्या मूर्ख बाईची लाज वाटली का? नाही. लाज वाटायला अंगात जीव लागतो. दार उघडं होतं हो. मुलीने हॉलमध्ये चक्कर मारायला सांगितली नसती, तर हे तुरुतुरु चालणं जिन्यात सुरू झालं असतं.

मुलगाही तेच म्हणाला, पण मोठ्याने. "आई, तुला काही कळतं का? बाबा जिन्यात असते तर? बस झालं. संक्रांत वगैरे काही नाही. या आठवड्यात ट्रक आणतो. तिथे निदान मी असेन लक्ष ठेवायला. दोघांवर!"

शेवटचा शब्द मला लागला. लागायलाच हवा होता.

यांनी खुर्चीवर बसून पाणी घेतलं. ग्लास खाली ठेवला आणि म्हणाले, "निकाल दिलास. अपील घेणार की नाही?"

"बाबा, मस्करी नको."

"मस्करी नाही." मग मुलीकडे वळून ते म्हणाले, "बेटा, तू मला जिन्यासाठी काय सांगत होतीस इतके दिवस? छोटं पाऊल. एका पायरीवर दोन्ही पाय. मी ऐकलं का?"

"कभी नहीं सुने सार. एक-एक पाव एक-एक सीढ़ी पे डालते. हिरो के माफिक."

"आता या पट्ट्याला छोटंच पाऊल येतं. ती मागून ढकल बंद करता येते?"

मुलगी विचारात पडली. टॅब्लेटवर काहीबाही करत राहिली. मग म्हणाली, ढकल बंद करता येईल, नुसता चवडा उचलण्यापुरता चालू ठेवता येईल. पण आधी हॉलमध्ये. मग उंबऱ्यावर. मग एक पायरी, तीही ती पुढे उभी राहून. तिला वाटलं तर पुढे, नाहीतर नाही. आणि अम्मांनी पट्ट्याच्या जवळ यायचं नाही.

अम्मा भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या.

हॉलमध्ये हे चालले. पाऊल छोटं, पण आता पळापळ नव्हती. पुन्हा चालले. मुलगी काही केल्या पुरे म्हणेना, चक्कर मारायला लावतच होती. उंबऱ्यावर चढले, उतरले. मग पहिली पायरी. मुलगी एक पायरी खाली, उलटी, दोन्ही हात पुढे. मुलगा मागे, पट्टा धरून. कठड्यावर यांचा उजवा हात. डावं पाऊल खाली, मग उजवं त्याच्या शेजारी. थांबायचं. पुन्हा डावं, पुन्हा उजवं.

मी वरून बघत होते. आधी डोळे मिटले होते, मग एक उघडला. आणि मला पुन्हा एकदा हबकायला झालं. कारण खाली जी पाठ जात होती ती इस्त्रीच्या शर्टातली होती, पण तो कमरेचा तिरका झोक, तो कठड्याला धरून अंग आधी वळवायचा प्रकार, ते पाऊल पावलाशी नेऊन टेकवणं, ते सगळं माझं होतं. मी जिना अशीच उतरते. स्वतःला पाठमोरं कुणी बघतं का कधी? मी त्या दिवशी बघितलं. आणि ते बघणं काही छान नव्हतं. मनात म्हटलं, अरे देवा, मी अशी दिसते?

वळणावर ते थांबले. इथेच ती खुर्ची कलंडली होती. मुलाने विचारलं, "बाबा, परत वर जायचं?" त्यांनी नाही म्हणून मान हलवली आणि डावं पाऊल खाली टाकलं.

तळाला वॉचमनचं स्टूल होतं, त्यावर जाऊन बसले. गल्लीतून आवाज आला, "अरे, वकीलसाब! आप नीचे?" मग आणखी एक. मग हसणं. मला वर काही दिसत नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं, आणि त्यात यांचा आवाज सगळ्यात मोठा होता.

वर यायला खूप वेळ लागला. वळणावर पुन्हा थांबले, तिथे मुलगी त्यांच्या पायाकडे बघत काहीतरी समजावत होती. दारात आले तेव्हा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. मुलाने हात-पाय धुतले, चहा घेतला, माझ्याकडे न बघता दोन तिळाच्या वड्या खाल्ल्या. शेवटी म्हणाला, "पुढच्या रविवारी पुन्हा बघेन. मी असल्याशिवाय जिन्याला हात लावायचा नाही. आणि आई, तू..." त्याला हसायला आलं असावं, पण आता मोठा माणूस असल्यामुळे तो हसला नाही.

ट्रक आला नाही. पुढच्या रविवारीही नाही, आणि त्यानंतरही नाही. पण ते सगळं नंतर. त्या दिवशी मुलगा गेला, मुलगी पट्ट्याला यांची चाल नव्याने शिकवायला कधी येणार ते ठरवून गेली, आणि घरात आम्ही दोघंच उरलो. मी खाली बसून त्यांच्या पायातला तो नावेसारखा बूट काढत होते. आता बोलणार, याची वाट बघत होते. बोलायला हवंच होतं त्यांनी. जिवावरचा खेळ होता. मी तर उत्तरंही तयार करून ठेवली होती.

त्यांनी पाय मागे घेतला नाही. माझ्या डोक्याकडे बघत बसले असावेत. मग म्हणाले,

"बेगम, एवढ्याएवढ्या पावलांनी तू इतकी वर्षं माझ्याबरोबर बाजारात, लग्नकार्यात, सगळीकडे आलीस? म्हणजे तू चालत नव्हतीसच. पळत होतीस. अगं, एकदा तरी मागून ओरडायचंस ना, 'अहो, थांबा' म्हणून!"